चवथ ते जत्रा: एवढं सुख एकदम आलं तर?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. वय ३६, एका दुकानात हिशेब सांभाळते, मुलगी पाचवीत आहे. माझे पती बोटीवर असतात, इंजिन रूममध्ये. गेल्या सहा वर्षांत चवथीला (गणेश चतुर्थीला) ते एकदाही घरी नव्हते. यंदा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं साइन ऑफ (बोटीवरून उतरणं) आहे आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत इथेच असतील. घराण्याच्या चवथीची पाळीही यंदा आमच्याकडे आलीय. नवीन घराचं काम चाललंय, दसऱ्याला आत जायचं ठरवलंय. तुळशीच्या लग्नानंतर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, माझ्या धाकट्या भावाचं लग्न. शिवाय मार्गशीर्षात आमच्या देवळाच्या जत्रेला संगीत नाटक असतं, त्यात मला नायिकेची भूमिका दिलीय. लग्नाआधी मी काम करायचे. आता १४ वर्षांनी पुन्हा चेहऱ्याला रंग लागणार. मध्येच इफ्फी, पणजीचा चित्रपट महोत्सव, येते. लग्नाआधी आम्ही दोघं जायचो, तिथेही जायचं मनात आहे.

माझी अडचण तुम्हाला विचित्र वाटेल. वाईट काहीच घडलेलं नाही. पण रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं आणि डोक्यात याद्या सुरू होतात. सासूबाई म्हणतात, ‘एवढं हसू नये, दृष्ट लागते.’ जाऊ म्हणते, नाटक सोड. आणि मला वाटतं, ज्यांची एवढी वाट बघितली ते हे चार महिने धावपळीत कधी निघून गेले ते कळणारही नाही. मग जानेवारीत हे परत जातील. काय करू म्हणजे हे दिवस हाताला लागतील? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, स्पष्ट सांगा.

– सुखाने घाबरलेली

उत्तर

बाये,

नाटक सोडू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगून टाकते. जाऊ रोज एकदा तरी म्हणत असेल, आणि एकच गोष्ट रोज कानावर पडली की एखाद्या दमलेल्या संध्याकाळी आपण ‘बरं’ म्हणून मोकळ्या होतो. तुझी यादी मी दोनदा वाचली. चवथ घराण्याची. घर तुम्हा सगळ्यांचं. लग्न भावाचं, सुट्टी नवऱ्याची. प्रत्येक ठिकाणी तू हवीच आहेस, पण कुणाची तरी सून, बायको, बहीण म्हणून. नाटकात तुला तुझ्या नावाने बोलावलंय. १४ वर्षांपूर्वीचा तुझा आवाज कुणाच्या तरी कानात राहिला म्हणून ही भूमिका दारात आली. एवढा मान उंबऱ्यावरून परत पाठवायचा नसतो.

गोव्याबाहेर हे सदर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे उत्सवातलं नाटक म्हणजे देवाच्या सेवेचाच भाग. पालखी फिरून देवळात गेली की मध्यरात्रीच्या सुमाराला पडदा वर जातो, आणि गावातलेच मास्तर, फुलकार, बँकेतले कारकून पहाटेपर्यंत राजे आणि प्रधान होतात. माझ्या लहानपणी आमच्या गावात बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. गावातली पहिली मुलगी मंडपात उभी राहून पद गायली, तेव्हा माझी आजी मागच्या खांबाला टेकून ऐकत होती आणि पदराने डोळे पुसत होती. त्या वेळी ती का रडतेय हे मला कळलं नव्हतं. गायक दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, गायिका केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. अशा भूमीत गाणाऱ्या बाईला ‘यंदा राहू दे’ म्हणणं मला सहन होत नाही, म्हणून जरा जोराने लिहितेय.

पाठांतर मात्र आजपासून धर. आज जुलैचा पहिला आठवडा आहे. तालमी ऑक्टोबरात सुरू होतील तेव्हा हातात वही नसावी. पहिल्या प्रवेशाचं पान नारळ खवायच्या आदोळीसमोरच्या भिंतीला चिकटव. रोज एक नारळ खवतेसच, तेवढ्या वेळात दोन संवाद होतात. चवथीपर्यंत दोन अंक पाठ झाले, तर नोव्हेंबरातली निम्मी धडधड आत्ताच संपली म्हणून समज.

आता तुझ्या पत्रातल्या सगळ्यात जड वाक्याकडे येते. पाच शब्दांचं आहे ते: ‘मग जानेवारीत हे परत जातील.’ रात्री तीनला तुला उठवतं ते हेच, असा माझा अंदाज आहे. मंडपवाला, आचारी, फरशी ही सगळी त्याची निमित्तं. माझा भाऊ २२ वर्षं बोटीवर होता. वहिनीला मी जवळून पाहिलंय. तो यायच्या आधीचे दोन महिने ती गुणगुणत घर आवरायची, आणि तो आला की त्याच संध्याकाळपासून मनातल्या मनात उलटे दिवस मोजायला लागायची. त्यात तो आल्याबरोबर सगळ्यांना हवा असायचा. बँकेचं काम त्याच्यासाठी राखलेलं, कौलं त्याच्यासाठी राखलेली, भाटातल्या (बागायतीतल्या) हद्दीचं भांडणसुद्धा त्याच्यासाठी राखलेलं. नातेवाईक भेटायला यायचे ते जेवूनच जायचे. ‘हा आला की घर भरतं आणि हाच मला दिसत नाही,’ असं एकदा ती मला विहिरीवर म्हणाली होती.

म्हणून पहिली गोष्ट ही कर. तुझा नवरा आल्यावरचे पहिले चार दिवस कुणाला बोलावू नकोस. वॉचवर असलेल्या माणसाच्या अंगात चार तास काम, आठ तास सुटी असं घड्याळ भिनलेलं असतं. तो भलत्या वेळी झोपेल, पहाटे उठून अंगणात फिरेल. त्याला फिरू दे, आणि जमेल तेव्हा तूही उठून चहा टाक. तुम्हा दोघांना या चार महिन्यांत निवांत बोलायला मिळणारी वेळ बहुधा हीच, पहाटे पाववाला पोदेर भोंपू वाजवत यायच्या आधीची. साठवून ठेवलेल्या कामांची यादी पाचव्या दिवशी काढ, आणि तीही निम्मी करून.

दुसरं, साइन ऑफची तारीख ही तारीख नसते हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बदली माणूस वेळेवर पोचला नाही, बोट दुसऱ्याच बंदराकडे वळली, की आठवडा सहज पुढे जातो. यंदा अधिक ज्येष्ठ आला म्हणून चवथ उशिरा, १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे हातात थोडी सवड आहे. पण माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट), मखर, मूर्ती आणणं, पाच दिवसांचं जेवण यातलं एकही काम ‘हे आले की करतील’ या खुंटीला टांगून ठेवू नकोस. दिराला आत्ताच सांग. नवरा वेळेवर आला तर माटोळी तोच बांधेल. १५ तारखेला पोचला तर बांधलेल्या माटोळीखाली बसून जेवेल. दोन्ही परिस्थितीत चवथ अख्खी राहील आणि तुझा राग विमानाच्या तिकिटावर निघणार नाही.

घराबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. कंत्राटदाराने दसरा म्हटलंय म्हणजे दिवाळी धर. त्याची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. माणसाचा अंदाजच असा चालतो. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एक अभ्यास छापला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं होतं, काम किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं मनाविरुद्ध गेलं तर किती लागतील, असंही विचारलं, तेव्हा ४९ म्हणाले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला हिशेबही कमीच पडला. आणि त्या मुलांना गोव्याचा पाऊस नव्हता. ऑगस्टमध्ये केलेलं प्लास्टर सप्टेंबरात हाताला गारच लागतं, त्यावर घाईने रंग मारलास तर पुढच्या वर्षी फुगवटे येतील.

तेव्हा दसऱ्याचा मुहूर्त सोडू नकोस, पण त्या दिवशी पूजा कर, दूध उतू जाऊ दे, पाहुण्यांना गोड दे आणि रात्री झोपायला जुन्या घरात ये. २० ऑक्टोबरचा दसरा आणि ८ नोव्हेंबरची दिवाळी यांच्यामध्ये १८ दिवस मोकळे आहेत. पावसाने बहुतेक पाठ फिरवलेली असते, माणसं मिळतात. सामान तेव्हा हलव. घाई एवढीच असू दे की नरकचतुर्दशीचे फोव (पोहे) नव्या चुलीवर व्हावेत आणि तो परत जायच्या आधी दोनेक महिने त्या छपराखाली झोपलेला असावा. आपल्या पैशाने उभं राहिलेलं घर ज्यांनी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलं, असे बोटीवाले मला माहीत आहेत. तुझ्या घरात तसं होऊ देऊ नकोस.

आता तू विचारलेल्या मूळ प्रश्नाकडे येते: हे दिवस हाताला कसे लागतील? त्याचं उत्तर माझ्याकडे माझ्या चुकीतून आलेलं आहे, म्हणून जरा लांबेल.

माझ्या मुलीच्या लग्नात कोठीच्या चाव्या माझ्या कमरेला होत्या. पहाटे चारपासून मी पायावर होते. कुणाला बर्फ हवा, कुणाला सेफ्टी पिन, कुणाला मापशाहून येणाऱ्या गाडीचा नंबर. जेवणाच्या कंत्राटदाराने दुसऱ्या पंगतीला सोलकढी कमी पडेल असं सांगितलं आणि मी त्याच्याशी तावातावाने बोलायला मागच्या अंगणात गेले. कन्यादानाच्या फोटोत मी उभी आहे. साडी माझी, चेहरा माझा, हाताखाली लेकीचा हात. पण त्या क्षणाची माझ्याकडे काहीही आठवण नाही. मी पुष्कळ शोधली. सापडतो तो कंत्राटदाराचा आवाज आणि स्टीलच्या पिंपाचं झाकण. लेक सासरी गेल्यावर आठ दिवसांनी फोटो आले, तेव्हा मी एकटी बसून खूप रडले. सगळ्यांना वाटलं, मुलीच्या आठवणीने रडतेय.

सहा वर्षांनी मुलाचं लग्न आलं. चाव्या मी आदल्या दिवशीच मावसबहिणीच्या हातात दिल्या आणि एकच काम मागून घेतलं: सुनेच्या केसांतला आबोलीचा वळेसर (गजरा) मी करणार. तसे वळेसर बाजारात हवे तेवढे मिळतात, कुणालाही माझ्या हातच्या वळेसराची गरज नव्हती. आदल्या संध्याकाळी कुंपणाकडची फुलं काढून ओल्या फडक्यात ठेवली. पहाटे साडेचारला मागच्या सोप्यावर दिवा लावून बसले. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा भिजवून घेतलेला. दोन फुलं या बाजूला, दोन त्या बाजूला, एक वेढा, एक गाठ. आबोलीचा देठ एवढा नाजूक की घाई केली तर तुटतोच, त्यामुळे घाई करताच येत नाही. आत बायका चुडे, पैंजण, डबे यांवरून ओरडत होत्या, आणि मी गाठी मारत होते. आबोलीला वास नसतो. पण केळीच्या ओल्या सोपाला असतो, आणि तो वास कुठेही आला की आजही ती पहाट मला जशीच्या तशी दिसते: दिव्याभोवती आलेले पावसाळी किडे, न्हाऊन ओल्या केसांनी माझ्यासमोर येऊन बसलेला मुलगा, आणि त्याने विचारलेलं, ‘आई, तू इथे काय करतेस?’ त्या लग्नातलं त्यापुढचंही मला सगळं आठवतं. एका जागी थांबल्यामुळे पुढचा दिवसही लक्षात राहिला असावा, असं मला वाटतं.

तेव्हा प्रत्येक मोठ्या दिवसासाठी एक काम स्वतःकडे ठेव. ते लहान असावं, हाताचं असावं आणि घाईने न होणारं असावं. त्या वेळेत चाव्या दुसऱ्याकडे, फोनही दुसऱ्याकडे. चवथीला नेवऱ्यांची (करंज्यांची) कड मुरडायला बस. पीठ कोण मळतंय, तळण कोण बघतंय याच्याशी तुझा संबंध नाही, तू मुरड घाल आणि मुलीला शेजारी घेऊन तिलाही शिकव. तिच्या पहिल्या दहा-बारा नेवऱ्या फुटतील, फुटू देत. दसऱ्याला दूध उतू जाताना चुलीपाशी तू आणि तुझा नवरा, दोघंच. भावाच्या लग्नात तू करवली आहेस. करा हातात घेऊन भावाच्या मागे उभी राहा आणि त्या तासाभरात कुणी काहीही विचारलं तरी ‘मला माहीत नाही’ एवढंच उत्तर दे. ते उत्तर द्यायला जड जातं, मला माहीत आहे. आरशासमोर म्हणून बघ.

उरलेली कामं वाटून दे, आणि वाटलेलं काम परत बघायला जाऊ नकोस. जाऊबाईंना नाटक सोड म्हणण्याइतकी तुझी काळजी असेल, तर लग्नातली आहेराची वही त्यांच्याकडे दे. कुणी केलेलं थोडं वाकडं झालं तरी चालेल.

कामं कशी वाटायची याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं शिक्षण माझ्या वडिलांच्या माटोळीतलं आहे. ते आधी काहीच टांगायचे नाहीत. सगळं सोप्यावर पसरून बसायचे: सुपारीचा कातरा, नारळांची पेंड, केळ्यांचा घड, तोरींजन, चिबूड, आंबाडे, आणि रानातून आणलेली कांगलां, घागऱ्या. जड काय, हलकं काय हे हातात घेऊन बघायचे. मग केवणीच्या दोराने आधी चार कोपरे बांधायचे, समोरासमोर सारख्या वजनाचे. चौकटीला तळहाताने हलकेच हलवून बघायचे, कलते का. त्यानंतर मधली काठी, आणि बारीकसारीक फळं सगळ्यात शेवटी. एका वर्षी मी हट्टाने दोन मोठे चिबूड एकाच बाजूला लावून घेतले. त्यांनी लावले. पाच दिवस ती कललेली माटोळी बघत मी आरत्या म्हटल्या.

तुझी चौकट मला अशी दिसते. एका टोकाला चवथ आणि घर, दुसऱ्या टोकाला लग्न आणि नाटक. दोन्हीकडे भार पुरेसा झालाय, आता त्यांच्या बाजूला आणखी काही बांधू नकोस. लग्नाच्या साड्या, दागिने, आमंत्रणाची यादी हे सगळं त्या मधल्या १८ दिवसांत उरक, सामान हलवता हलवता. तुळशीच्या लग्नानंतर बाजारात पाय ठेवायचा नाही असं ठरव. आणि इफ्फी यंदा सोड. २००४ पासून ती गोव्यात होते आहे, पुढच्या वर्षीही नोव्हेंबरात भेटेल. पणजीला जाणं, पासांच्या रांगा, परतीची शेवटची बस यात तुमचे दोन दिवस जातील आणि घरी आल्यावर तू तालमीला दमलेली असशील. दोघांनी एकत्र बाहेर पडायचंच असेल तर २४ नोव्हेंबरला त्रिपुरारी पौर्णिमा आहे. तुझ्यापासून साखळीचं विठ्ठलापूर लांब नाही. वाळवंटी नदीच्या काठावर बसा, पाण्यात सजवलेल्या होड्या सुटताना बघा, घाटावर चणे खा. त्या रात्री तुझ्याकडून कुणाला काहीच नको असेल. यजमानपण नाही, साडी बदलायची नाही, कुणाला वाढायचं नाही. सगळ्या वेळापत्रकात मला हीच रात्र जास्त मोलाची वाटते, कुणाच्याही भिडेने ती देऊन टाकू नकोस.

सासूबाईंचं काय करायचं, हे तू थेट विचारलेलं नाहीस, पण ‘एवढं हसू नये’ हे तुला लागलंय हे दिसतं. त्यांच्या जागी बसून बघ. सहा चवथी मुलाविना काढलेली आई आहे ती. इतकं चांगलं समोर आलं की तिचा हात आधी मीठ-मिरच्यांकडे जाणारच. आनंद तिलाही झालाय, तिला तो धरता येतो तो असाच. त्यांना दृष्ट काढू दे. तुझी, मुलाची, नातीची, नव्या घराचीसुद्धा. तू समोर पाटावर बसून काढून घे, मीठ चुलीत तडतडू दे. आणि मग हसायचं तेवढं हस. दृष्ट निघाली आहे, आता हसायला हरकत नाही असं त्यांनाच सांग. मला वाटतं, त्या पण हसतील.

रात्रीच्या धडधडीसाठी दोन गोष्टी. उशाशी वही-पेन्सिल ठेव आणि जाग आली की डोक्यातलं काम लिही, पण पुढे कोण करणार आणि कोणत्या वारी तेही लिही. ‘मंडप’ एवढंच लिहिलंस तर पुन्हा झोप उडेल. ‘मंडपवाल्याला दीर गुरुवारी फोन करणार’ असं लिहिलंस की मन ते सोडून देतं. आणि ती धडधड भीतीचीच आहे असं समजू नकोस. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये याचा अभ्यास छापला. लोकांसमोर गाणं म्हणायच्या आधी काहींना ‘मी घाबरलोय’ म्हणायला लावलं, काहींना ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणायला. दुसऱ्या गटाचं गाणं सुरात आणि तालात अधिक बरं झालं. भाषणाच्या वेळीही, ‘शांत हो’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा उत्साहाचं नाव घेणारे चांगले बोलले. छाती दोन्ही वेळा सारखीच उडते, तिला आपण नाव कोणतं देतो त्यावर पुढचं अवलंबून. तुला तर नाट्यपद म्हणायचंय, तुला हे लागू पडेल. तरीही महिनाभर रोज झोप मोडत राहिली, जेवण जाईना झालं, तर डॉक्टरांकडे जा. सणासुदीचं आहे म्हणून अंगावर काढू नकोस.

राहिली वाट बघण्याची गोष्ट. तुझ्या पत्रावरून वाटतं, खरे दिवस सप्टेंबरात सुरू होतील आणि आत्ताचे नुसते काळजीचे, असं तू धरून चाललीयस. मी असं मानत नाही. नेदरलँड्समध्ये १,५३० माणसांचा एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापला गेला. सुट्टीवर जाणारी माणसं इतरांपेक्षा जास्त आनंदी होती ती जायच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत काही फरक उरला नव्हता. म्हणजे वाट बघण्याच्या दिवसांत खरोखरच काहीतरी असतं, आणि तुझ्याकडे अशा दिवसांचे दोन महिने आहेत. ते याद्यांना देऊन टाकू नकोस. माटोळीला लागणारी काकडी, दोडके, भोपळा आत्ता मांडवावर चढतायत. परसात जागा असेल तर रोज संध्याकाळी मुलीला घेऊन बघायला जा, कुठला वेल किती वर गेला, कुठे फूल आलं. रविवारी त्याच्या व्हिडिओ कॉलवर ते वेल दाखव. ‘हा दोडका तुझ्या माटोळीचा’ असं लेकीने एकदा सांगितलं की त्याचीही चवथ बोटीवरच सुरू होईल.

आणि जानेवारीसाठी आत्ताच एक काम राखून ठेव. नव्या घरातल्या एका खोलीचे पडदे शिवू नकोस, एक भिंत रिकामी ठेव, चार महिन्यांचे फोटो निवडू नकोस. तो गेल्यावरच्या पहिल्या रविवारी घर फार मोठं वाटतं, माझी वहिनी सांगायची. त्या रविवारी मुलीला आणि सासूबाईंना घेऊन फोटो जमिनीवर पसर, तो बोटीवरून निवडेल, तुम्ही भिंतीवर लावा. नाटकाचा फोटो मधोमध.

जत्रेची तारीख ठरली की मला कळव. पुढच्या खुर्चीची सोय करू नकोस, मला खांबापाशी बसायला आवडतं. पहाटेपर्यंत थांबेन. आणि तुझ्या अंबाड्यासाठी आबोलीचा वळेसर घेऊन येईन, त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकू नकोस.

तुझी,
ताई